अध्यक्षांची सही

माझ्या भावोजींना सगळे अध्यक्ष म्हणतात. या देशात आल्यावर त्यांनी बाहेरून आलेल्या लोकांच्या एका मंडळाचं अध्यक्षपद अकरा महिने सांभाळलं. मग हॉलचं भाडं कुणी भरायचं यावरून भांडण झालं आणि मंडळ बंद पडलं. त्याला नऊ वर्षं झाली. पद मात्र भावोजी घरी घेऊन आले. माझी थोरली बहीणसुद्धा चारचौघांत त्यांचा उल्लेख अध्यक्ष असाच करते. मी तोंडावर भावोजी म्हणते आणि मनात अध्यक्ष म्हणते. मनातला तो सूर त्यांना ऐकू येत नाही, एवढंच त्यांचं नशीब.

आम्ही इथे आलो त्याला तेव्हा साडेतीन वर्षं होत आली होती. मी दात बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आमच्या लॅबमध्ये पाठवतात. आम्ही त्यावरून प्लास्टरचा साचा काढतो, मेणात दात कोरतो, शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळवतो. तिकडे सोळा वर्षं हेच केलं आणि इथे आल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा तेच सुरू केलं. नवरा दुकानांतले मोठे फ्रिज आणि कोल्ड रूम दुरुस्त करतो. दोघांचे पगार वेळेवर होतात. अकरा वर्षांची मुलगी आहे. आम्ही तिघं एका म्हातारीच्या घराच्या मागच्या बाजूला, एक खोली आणि एक स्वयंपाकघर एवढ्या जागेत राहत होतो. मुलीचा पलंग कपाटाच्या मागे होता आणि कपाटाच्या पाठीला तिने स्वतःच्या खोलीची पाटी लावली होती.

घरमालकीण पोस्टातून निवृत्त झालेली. न्हाणीघराच्या दारावर तिने वेळापत्रक चिकटवलं होतं. गरम पाणी प्रत्येकी सात मिनिटं. भाडं द्यायला वर तिच्याकडे गेलं की कार्बन लावलेल्या पुस्तकात पावती लिहायची, ती फाडायची, सही करायची आणि आमचीही सही घ्यायची. जगात कुणावर म्हणून विश्वास नाही. वर गेले की मला तिचा इतका राग यायचा की खाली येऊन मी तिची नक्कल करून दाखवायचे आणि मुलगी पोट धरून हसायची.

तर आम्ही घर बघितलं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन बेडरूम, स्वयंपाकघराची खिडकी मागच्या मैदानावर उघडणारी. माझ्या लॅबपासून पायी वीस मिनिटं. विकणारा म्हातारा ड्रायव्हर होता, बायको गेलेली, मुलीकडे राहायला जायची घाई. त्याने फार ताणलं नाही. आम्ही साठवलेल्यातून इसार दिला आणि आठ आठवड्यांची मुदत मिळाली. तेवढ्यात कर्ज मंजूर झालं नाही तर इसार बुडणार होता.

चौकातल्या मोठ्या बँकेत गेलो. सगळी काच. आत टेबलामागे एक पोरगेलासा अधिकारी बसला होता. तो इतका हसायचा की मी त्याचं नाव हसरा ठेवलं. दात मात्र चांगले होते, वरचे पुढचे दोन बनवलेले. मला लगेच कळलं. मी तिकडची सगळी फाइल नेली होती. सोळा वर्षांचे पगाराचे दाखले, लॅबमधल्या दात भाजायच्या भट्टीसाठी मी स्वतःच्या नावावर काढलेलं कर्ज, ते मुदतीच्या तीन वर्षं आधी फेडल्याचा बँकेचा शिक्क्याचा कागद. सगळ्याचं भाषांतर करून, पैसे मोजून, सहीशिक्क्यानिशी. हसऱ्याने ती फाइल दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवली. त्याने ती उघडलीसुद्धा नाही.

तो म्हणाला, तिकडचं इथे धरत नाहीत. इथलं काय आहे? क्रेडिट कार्ड? गाडीचं कर्ज? हप्त्यावर घेतलेला टीव्ही? आम्ही म्हटलं, आम्ही सगळं रोख घेतो, कुणाचं काही देणं नाही. त्यावर त्याने एखाद्या आजाऱ्याकडे बघावं तसं आमच्याकडे बघितलं.

"तुम्ही आमच्या सिस्टिममध्ये दिसतच नाही," तो म्हणाला.

"समोर बसलेय," मी म्हटलं.

तो हसला. म्हणाला, कुणी जामीन राहत असेल तर बघता येईल. इथे बरीच वर्षं राहिलेला, स्वतःचं घर असलेला. म्हणजे आम्ही कधी कुणाचं देणं ठेवलं नाही हा आमचा गुन्हा, आणि तो माफ व्हायला आम्हाला एक जामीनदार शोधून आणायचा होता. बाहेर पडताना नवरा म्हणाला की माणूस बोलायला चांगला होता. माझा नवरा कुणालाही चांगला म्हणतो. कॉम्प्रेसर जळाला तरी म्हणतो, बिचाऱ्याने बरीच वर्षं काढली.

आमच्या ओळखीत स्वतःचं घर असलेला एकच माणूस. अध्यक्ष.

त्यांचं घर शहराच्या कडेला, दुमजली, पुढे मोठी गाडी. अध्यक्ष विमा विकतात. दिवाणखान्यात त्यांचा हार घातलेला फोटो होता, जिवंतपणी. मंडळाच्या कार्यक्रमातला. आम्ही विषय काढला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग म्हणाले की या देशात जामीन राहणं म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक नाही, आम्ही अजून कच्चे आहोत, पण रक्ताचं नातं आहे तर ते बघतील. रक्ताचं नातं माझं ताईशी. यांचा त्यात काय संबंध, हे मी विचारलं नाही. ताई चहा घेऊन आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून आत गेली.

मग बघणं सुरू झालं. पहिल्या रविवारी त्यांना फ्लॅट बघायचा होता. आले आणि भिंतींवर बोटाने टकटक करत फिरले. म्हाताऱ्या ड्रायव्हरसमोरच म्हणाले की किंमत जास्त पडली, मला आधी विचारायला हवं होतं. दुसऱ्या रविवारी नवऱ्याला घरी बोलावून फ्रिज दुरुस्त करून घेतला, मग वरच्या खोलीचा एसी, मग शेजाऱ्याचा फ्रिज. नवरा रात्री घरी आला तेव्हा त्याच्या हाताला गॅसचा वास येत होता. मी विचारलं, सही? तो म्हणाला, आज त्यांचं डोकं दुखत होतं. सुटे भाग कुणाच्या पैशाने आले तेही मी विचारलं. त्याने मुलीचा गृहपाठ बघायला घेतला.

तिसऱ्या रविवारी खरी गोष्ट बाहेर आली. अध्यक्ष म्हणाले, बँकेला भरवसा वाटायला हवा असेल तर घराच्या कागदांवर त्यांचंही नाव असलेलं बरं. तिसरा हिस्सा.

"नावापुरता हो, साडूभाऊ," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही.

येताना बसमध्ये नवरा म्हणाला, नावापुरताच तर आहे. मी त्याला म्हटलं, आपण एक एक दात कोरून, एक एक फ्रिज उघडून जमवलेल्या पैशातल्या घराचा तिसरा हिस्सा त्या हार घातलेल्या फोटोला द्यायचा? तो म्हणाला, मग दुसरा काय मार्ग आहे, तीन आठवडे गेले. त्याचं म्हणणं चूक नव्हतं आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

मी मार्ग काढला. तो काही मला शोभणारा नव्हता. पुढच्या शनिवारी अध्यक्षांकडे पाच-सहा कुटुंबं चहाला येणार होती. असे चहा ते वरचेवर करत. येणारे सगळे आमच्यासारखे, दोन-चार वर्षांपूर्वी आलेले, कुणाला परवान्याचं काम, कुणाला नोकरीचं. अध्यक्ष मधल्या खुर्चीत बसून सल्ले देत. आम्हालाही बोलावणं होतं, कारण आम्ही त्या दिवशीचा देखावा होतो. पाहुणे स्थिरावल्यावर त्यांनी आमच्याकडे हात केला आणि सांगितलं की यांचं घर मीच उभं करतोय, बँकेने यांना दारातही उभं केलं नव्हतं, आता माझ्या शब्दावर काम होणार.

मी पर्समधून जामिनाचा फॉर्म काढला, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केलेला. पेनाचं टोपण काढलं आणि दोन्ही त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवलं.

"भावोजी, सगळे आहेतच," मी म्हटलं. "साक्षीदारही झाले. एवढं उरकून टाकू."

सगळे कौतुकाने बघू लागले. एका बाईंनी टाळी वाजवल्यासारखं केलं. अध्यक्षांचा चेहरा क्षणभर रिकामा झाला. मला वाटलं, तिसऱ्या हिश्श्याचा विषय गेला म्हणून झाला. त्यांनी फॉर्म वाचला, निदान वाचल्यासारखं केलं. तुमच्या घरावर सध्या कोणतं कर्ज आहे, असा एक रकाना होता. तो त्यांनी मोकळाच सोडला आणि म्हणाले, हे बँकेला माहीत असतं, बँक मला ओळखते. मग सही केली. एवढी लांब सही मी आजवर पाहिली नाही. शेवटची रेघ पानाच्या कडेपर्यंत गेली.

मी फॉर्म पर्समध्ये टाकला आणि चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्ली. मला फार बरं वाटत होतं. ताई दारात ट्रे घेऊन उभी होती आणि तिच्या नवऱ्याकडे बघत होती. ती काय बघत होती ते मी त्या वेळी पाहिलं नाही.

नऊ दिवसांनी हसऱ्याचा फोन आला. हा जामीनदार चालणार नाही, दुसरा आणा. का चालणार नाही? ते तो सांगू शकत नव्हता, गोपनीय असतं, जामीनदाराला वेगळं पत्र गेलं आहे. फोनवरही तो हसत होता हे आवाजावरून कळत होतं.

जे खरं ते सांगते. माझ्या मनात पहिल्यांदा घराची काळजी आली नाही. इसाराचीही नाही. मला आधी हसू आलं. वाटलं, फुगा फुटला एकदाचा. ज्या माणसाने आम्हाला तीन रविवार नाचवलं त्याला बँक विचारत नाही. हातातलं काम बाजूला ठेवून मी नवऱ्याला फोन लावला आणि ही बातमी चवीने सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताईंना माहीत असेल का गं?"

हे मला सुचलं नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी ताई लॅबच्या मागच्या दाराशी उभी होती. तिथे आम्ही फुटलेले साचे टाकायचे डबे ठेवतो. दोन बस बदलून आली होती. तिला इथली भाषा बोलण्यापुरती येते, कागदावरची येत नाही. घरात येणारी सगळी पत्रं अध्यक्ष स्वतःच घेत. हे पत्र आलं तेव्हा ते बाहेर गेले होते आणि पाकीट बँकेचं होतं म्हणून तिला वाटलं आमच्या घराचं असेल. आत तिला माझं नाव दिसलं. तेवढं तिला वाचता आलं.

"यात काय लिहिलंय ते सरळ सांग," ती म्हणाली. "गोड करून सांगू नकोस."

मी सांगितलं. घराचे आठ हप्ते थकले आहेत. त्याच घरावर दुसरं कर्ज आहे, दोन वर्षांपूर्वी काढलेलं, तेही थकलं आहे. म्हणून जामीन नामंजूर. शिवाय थकबाकीबद्दल याआधी चार पत्रं पाठवली त्यांचं उत्तर आलेलं नाही.

ती डब्याच्या कडेवर टेकली. काळ्या कोटाला मागून पांढरं प्लास्टर लागलं. म्हणाली की दोन वर्षांपूर्वी तिने एका कागदावर सही केली होती. फर्निचरच्या दुकानात कुणाबरोबर तरी भागी होती. ते दुकान चार महिन्यांत मिटलं. सही कसली म्हणून तिने विचारलं होतं.

"म्हणाले, नावापुरती."

आतून मशीनचा आवाज येत होता. माझा जेवणाचा डबा उघडा पडला होता. मी तिला पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"नाही. शपथ."

"पण तुला नवल वाटलं नाही."

माझं तोंड फार चालतं असं सगळे म्हणतात. त्या दिवशी चाललं नाही. ज्या माणसाला आपण पोकळ म्हणून हसत होतो, त्या पोकळीत आपली बहीण बारा वर्षं राहतेय, हे मला तिथे डब्यांच्या शेजारी उभं राहिल्यावर दिसलं. मी त्या दिवशी टीपॉयवर फॉर्म ठेवला तो माझ्या घरासाठी ठेवला, हे अर्धंच खरं. त्यांना सगळ्यांसमोर वाकवायचं होतं मला. आणि ते वाकले नाहीत, सही करून मोकळे झाले, कारण पाच कुटुंबांसमोर नाही म्हणण्यापेक्षा बायकोच्या डोक्यावरचं छप्पर उघडं पडलेलं त्यांना परवडलं.

ताईने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडलीच नव्हती. कोट झटकला, पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि मला विचारलं की माझी सुटी किती वाजता होते. मी तिच्याबरोबर गेले. अध्यक्ष घरी नव्हते. तिने त्यांच्या टेबलाचा खण सरळ ओढून बाहेर काढला आणि जेवणाच्या टेबलावर उपडा केला. एकोणीस पाकिटं. अकरा न फोडलेली. मी वाचत गेले, ती वहीत लिहीत गेली, आपल्या अक्षरात, आपल्या भाषेत. संध्याकाळी अध्यक्ष आले. टेबल बघितलं आणि म्हणाले की हा सगळा सिस्टिमचा घोळ आहे, ते वरच्या लोकांशी बोलतायत. ताई म्हणाली, "बसा." एवढंच. मी आजवर तिला त्यांना बसा म्हणताना ऐकलं नव्हतं. मी कोट घालून निघाले.

आमच्याकडे आता सतरा दिवस होते.

माझ्या लॅबच्याच रस्त्यावर, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाला लागून, एक लहानशी बँक आहे. पाटीचा रंग गेलेला, आत जमिनीवर जुनं लिनोलियम, दोन खुर्च्या. साडेतीन वर्षं दिवसातून दोनदा मी तिच्यावरून गेले. कधी आत डोकावले नाही. अध्यक्षांना हसायचा मला काय अधिकार होता कोण जाणे. कर्ज मागायचं तर काचेच्याच बँकेत मागायचं, ही हौस माझीही होतीच.

आत जाड चष्म्याची एक बाई होती, पन्नाशीची, सँडविच खात. ती हसली नाही. खातच म्हणाली, कागद ठेवा. मी नाइलाजाने ती जुनी फाइलही ठेवली. तिने हात पुसले आणि फाइलचं पान अन् पान उलटलं. भट्टीचं कर्ज फेडल्याच्या कागदाशी थांबली. म्हणाली, याचे गुण मला देता येणार नाहीत, पण फाइलमध्ये राहू दे. मग तिने विचारलं, भाडं कसं देता? मी म्हटलं, रोख. तिने कपाळाला आठ्या घातल्या. पावत्या?

होत्या. एकेचाळीस महिन्यांच्या, पण चाळीस सापडल्या. दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीची नव्हती. बिस्किटांच्या डब्यात ठेवलेल्या होत्या, मुलीने काहींच्या मागे चित्रं काढलेली. चष्मेवालीने सगळ्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि चित्रांसकट तपासल्या. विजेची, फोनची बिलं मागितली, नवऱ्याच्या मालकाला आणि माझ्या लॅबला स्वतः फोन लावले. मग म्हणाली, हरवलेल्या पावतीचं काय? घरमालकिणीकडून लेखी आणा.

वर जायला मला चार जिने नव्हते, आठ पायऱ्या होत्या. त्या मला जड गेल्या. जिची मी इतकी वर्षं नक्कल केली तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की आम्ही घर घेतोय, तुमचं पत्र हवंय. आम्ही सोडून जाणार म्हटल्यावर ती कशाला देईल? तिने मला बसायलाही सांगितलं नाही. आत गेली, कार्बनची पुस्तकं घेऊन आली, फेब्रुवारी काढला. पावतीची प्रत होती. मग टाइपरायटरवर पत्र लिहिलं, मला वाचून दाखवलं नाही, पाकिटात घालून चिकटवलं.

चष्मेवालीने ते माझ्यासमोर फोडलं आणि मोठ्याने वाचलं. एकेचाळीस महिने भाडं दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मिळालं. एकदा दोन तारखेला, कारण एक तारखेला मी दार उघडलं नव्हतं. गरम पाणी ठरल्यापेक्षा जास्त वापरतात. मुलगी जिन्यात पळते, सांगूनही ऐकत नाही. नवरा भला आहे. बायको उद्धट आहे. पैशाच्या बाबतीत दोघांवर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही.

"असं पत्र कुणी पैसे देऊन लिहून घेत नाही," चष्मेवाली म्हणाली आणि शिक्का मारला.

व्याज मोठ्या बँकेपेक्षा अर्धा टक्का जास्त लागलं. मंजुरी आली तेव्हा मुदतीचे पाच दिवस उरले होते. त्या रात्री मुलीने कपाटामागची पाटी काढून दप्तरात ठेवली. मी वर जाऊन घरमालकिणीला सांगितलं. ती म्हणाली, जाताना न्हाणीघर घासून द्या.

ताईने घर विकायला लावलं, बँकेने ओढून घ्यायच्या आत. देणी फेडून हातात जे राहिलं त्यात दोन खोल्यांची भाड्याची जागा आली. मोठी गाडी गेली. ताईने इस्पितळाच्या लाँड्रीत अर्ज केला. या सगळ्या काळात अध्यक्ष आमच्याकडे फिरकले नाहीत. ओळखीच्या लोकांना ते सांगत होते की एवढं मोठं घर आता दोघांना कशाला, म्हणून मोकळं केलं.

नव्या घरी राहायला गेल्यावर महिन्याभराने आम्ही चहा ठेवला. नवऱ्याच्या कामावरचे दोघं, लॅबमधली माझी जोडीदारीण, आणि त्या शनिवारच्या चहाला होती त्यांतली दोन कुटुंबं. ताई आणि अध्यक्ष बसने आले. अध्यक्षांनी कोट घातला होता. ते सगळ्या खोल्यांतून फिरले, खिडक्यांच्या कड्या लावून बघितल्या, नळ सोडून बघितले. मग येऊन मधल्या खुर्चीत बसले. ती खुर्ची मधे कुणी ठेवली होती देव जाणे, मी तर नाही. त्या टाळी वाजवणाऱ्या बाईंनी विचारलं, कर्जाचं कसं जमलं शेवटी? आम्हालाही बघायचंय.

अध्यक्ष म्हणाले, "जमतं हो. सही माणसाची लागते. माझी एक सही पुरली."

मी किटली खाली ठेवली. काय बोलायचं ते माझ्या जिभेवर तयार होतं, आठवड्याआठवड्याने घासून ठेवलेलं. मी ताईकडे बघितलं, की बोलू की नको. ती कपांत साखर घालत होती.

"तुमची सही नामंजूर झाली होती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "यांचं यांच्या भाड्याच्या पावत्यांवर झालं. कोपऱ्यावरच्या छोट्या बँकेत जा," हे त्या बाईंना. "पावत्या जपून ठेवा. साखर एक की दोन?"

बाई म्हणाल्या, एक. माझ्या नवऱ्याने अध्यक्षांच्या हातात कप दिला, कारण त्याला कुणाची फजिती बघवत नाही. अध्यक्षांनी एक घोट घेतला, छताकडे बघितलं आणि म्हणाले की वरच्या मजल्याचं पाणी कधी झिरपलं तर ताबडतोब लेखी तक्रार करायची, तोंडी बोलून काही होत नाही. पाहुण्यांतल्या दोघांनी मान डोलावली. मला वाटलं होतं, हे ऐकताना मला मजा येईल. तसं काही झालं नाही. त्यांच्याबद्दलची माझी तुच्छता जिथल्या तिथे होती, फक्त तिचं काय करायचं ते मला कळेना.

स्वयंपाकघरात कप विसळताना ताईने सांगितलं की सोमवारपासून कामावर जायचंय. पहाटेची पाळी. चादरी मोजायच्या, डागाळलेल्या वेगळ्या काढायच्या. कामावरच्या अर्जांचे फॉर्म तिला भरता येत नाहीत म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन बसणार, आणि मी तिला इथली कागदावरची भाषा शिकवायची. मी म्हटलं, माझी मुलगी जास्त चांगली शिकवेल, माझा धीर लवकर सुटतो. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, तू शिकव.

सातच्या बसने ते निघाले. मी खिडकीतून बघत होते. अध्यक्ष हातवारे करत काहीतरी समजावून सांगत होते, बहुधा बसच्या मार्गाबद्दल. ताई त्यांच्या दोन पावलं पुढे चालत होती आणि मागे वळून बघत नव्हती. नवरा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, वाईट वेळ आली बिचाऱ्यावर.

"आली नाही," मी म्हटलं. "त्यांनी ती खणात घालून ठेवली होती."

आत मुलगी हातोडी मागत होती. तो स्टुलावर चढून तिच्या दाराला खिळा ठोकायला गेला आणि मी बशा पुसायला घेतल्या.